गुपित नेमकं कुठून फुटतं?

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण त्यातला मुद्दा फालतू नाही. त्यामुळे नुसते आभार मानून मोकळा होत नाही. परदेशातल्या गुप्त दहशतवादविरोधी कारवायांवर कायदेमंडळाची देखरेख हवी, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: राजकारण्यांच्या कानावर घातलेली गोष्ट गावभर होते, लादेनला मारायचा बेत अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, आधी कळला असता तर तो पसार झाला असता, आणि तिकडे काँग्रेसच्या देखरेख समित्या आहेतच की, मग ही रड कशाला?

आधी लादेन, कारण उदाहरण तुम्हीच निवडलंय आणि ते तुमच्यावरच उलटतं. पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये तो लपला होता त्या घरावर पाळत ठेवणं इतकं खर्चिक होऊन बसलं, की सीआयएला, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेला, आपल्याच अंदाजपत्रकातला पैसा इकडून तिकडे वळवावा लागला. त्याला काँग्रेसची संमती लागते. म्हणून डिसेंबर २०१० मध्ये एजन्सी काँग्रेसकडे गेली आणि कोट्यवधी डॉलर वळवायची मुभा घेऊन आली. कारवाई झाली २ मे २०११ ला. मधले पाच महिने ज्यांना माहीत होतं त्यांच्यापैकी कुणी ब्र काढला नाही. हेलिकॉप्टरं कुठल्या रात्री उडणार यावर समितीत मतदान घ्या, असं कुणी म्हणत नाही. मीही म्हटलेलं नाही.

आता उलटं उदाहरण. लेबनॉनमधले अमेरिकी ओलीस सुटावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने इराणला चोरून शस्त्रं विकली. १७ जानेवारी १९८६ च्या लेखी आदेशात रेगन यांनी सीआयएच्या प्रमुखांना बजावलं होतं, की काँग्रेसला कळवू नका. कळवलं नाहीच. तरी ३ नोव्हेंबरला सगळं बाहेर आलं, तेही बैरूतच्या एका साप्ताहिकात. म्हणजे काँग्रेसला सांगितलेलं टिकलं आणि काँग्रेसपासून लपवलेलं फुटलं. दोन उदाहरणांवरून नियम काढू नये हे मान्य, पण तुम्ही तर एकावरूनच काढलाय.

तुमच्या बाजूचं एक चांगलं उदाहरण आहे, ते मीच देतो. जानेवारी १९८० मध्ये तेहरानमध्ये कॅनडाच्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या घरी लपलेल्या सहा अमेरिकनांना सीआयएने खोट्या नावांच्या कॅनेडियन पासपोर्टांवर बाहेर काढलं. काँग्रेसला ते नंतर सांगितलं गेलं. अशा वेळी थांबणं मला पटतं. गुप्तचर देखरेखीच्या त्याच वर्षीच्या कायद्याने ही फट ठेवलीही: आधी नाही जमलं, तर नंतर ‘वेळेत’ कळवा. ते ‘वेळेत’ पुढच्या सरकारने कसं ताणलं ते वर आलंच आहे. म्हणून १९९१ मध्ये कायदा बदलून राष्ट्राध्यक्षांचा आदेश लेखीच हवा आणि झालेल्या गोष्टीला मागाहून मंजुरी चालणार नाही, असं लिहावं लागलं.

राहिला तुमचा तिसरा मुद्दा, ‘समित्या आहेतच’. सगळी मेख तिथे आहे. समिती असणं आणि समितीला कळणं यात फार अंतर असतं. सीआयएचा कैद्यांच्या छळाचा कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला, तेव्हा दोन्ही सभागृहांच्या गुप्तचर समित्यांमधल्या फक्त अध्यक्षांना आणि विरोधी बाजूच्या प्रमुखांना माहिती दिली गेली. सिनेटच्या पूर्ण समितीला कळायला ६ सप्टेंबर २००६ उजाडला, आणि तेही राष्ट्राध्यक्ष बुश यांनी देशाला जाहीर सांगण्याच्या काही तास आधी! वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तोवर चौकशीच्या ९२ व्हिडिओटेप २००५ मध्येच नष्ट झाल्या होत्या.

बरं, ज्या मूठभरांना सांगतात त्यांच्या हातात तरी काय असतं? १७ जुलै २००३ चं एक पत्र आहे. विषय परदेशी कारवाईचा नव्हता, अमेरिकेतल्याच गुप्त टेहळणीचा होता, पण माहिती द्यायची तऱ्हा तीच. सिनेटच्या समितीतले विरोधी बाजूचे प्रमुख जे रॉकफेलर यांनी उपाध्यक्ष चेनी यांना ते स्वतःच्या हाताने लिहिलंय. आपण तंत्रज्ञ नाही, वकीलही नाही. कर्मचाऱ्यांशी किंवा सल्लागारांशी बोलायची मुभा नाही. तेव्हा या गोष्टीचं मूल्यमापनच करता येत नाही, मग पाठिंबा कसला द्यायचा, असा त्याचा आशय. एक प्रत त्यांनी पाकिटात सीलबंद करून समितीच्या सुरक्षित दालनात ठेवली. ते मूग गिळून बसले नाहीत एवढा पुरावा उरावा म्हणून. कायद्याने देखरेखीचा अधिकार असलेल्या माणसाची ही अवस्था!

छळाची खरी तपासणी झाली ती सिनेट समितीच्या कर्मचाऱ्यांनी ६० लाखांवर पानं चाळली तेव्हा. अहवाल सुमारे ६,७०० पानांचा झाला, त्यातला फक्त सारांश डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या काळात हे कर्मचारी वापरत होते त्या संगणकांत सीआयएचीच माणसं शिरली आणि संचालक ब्रेनन यांना माफी मागावी लागली.

लोकप्रतिनिधी धुतल्या तांदळासारखे आहेत असंही समजू नका. ऑक्टोबर २०१७ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमधल्या टोंगो टोंगोजवळ चार अमेरिकी सैनिक मारले गेले, तेव्हा सिनेटर लिंडसे ग्रॅहम म्हणाले, तिथे आपले हजार सैनिक आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. हे गृहस्थ सशस्त्र सेना समितीचे सदस्य. जूनमध्येच व्हाइट हाउसचं पत्र काँग्रेसला गेलं होतं आणि नायजरमध्ये सुमारे ६४५ जण असल्याचं त्यात लिहिलं होतं. इथे गुप्ततेला दोष कसा देणार? पत्र वाचायचं कुणी?

म्हणूनच माझा भर कर्मचाऱ्यांवर आहे, सभागृहातल्या भाषणांवर नाही. २०१० च्या सुमारास डायन फाइनस्टाइन अध्यक्ष असलेल्या सिनेटच्या गुप्तचर समितीने एक पद्धत पाडली: समितीचे कर्मचारी दर महिन्याला सीआयएच्या मुख्यालयात जायचे, ड्रोनहल्ल्यांची चित्रफीत बघायचे, आणि हल्ल्याआधी हाती असलेली माहिती तिच्याशी ताडून पाहायचे. पण ही सोय सीआयएच्या हल्ल्यांपुरती. लष्कराच्या ड्रोनचा हिशेब वेगळ्या समितीकडे जातो. डिसेंबर २०१३ मध्ये येमेनमध्ये लग्नाच्या वऱ्हाडावर हल्ला झाला, तो लष्कराचा होता. आकाश तेच, शत्रूही तोच, फक्त बटण दाबणारं खातं बदललं की विचारणारी माणसं बदलतात. तुम्हाला वाद घालायचाच असेल तर या फटीवर घाला. तिथे माझ्याकडेही तयार उत्तर नाही.