लग्नपत्रिकेचे पॅकिंग

आमची बुलेट 1984 सालची आहे; म्हणजे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. वडिलांकडून ती माझ्याकडे आली, तेव्हा जळगावच्या आमच्या अंगणातील शहाबादी फरशीवरचा रुपयाएवढा तेलाचा डागही वारसाहक्काने माझ्याकडे आला.

या गाडीच्या क्लचकडील झाकणाला चौफेर स्क्रू नसतात. मधोमध एकच मोठा नट आणि कडेने रबराची रिंग असते. एकच नट असल्यामुळे तो पाहताच माणसाला पाना आठवतो. मी तीन वर्षे तो नट निष्ठेने आवळत राहिलो आणि झाकण तितक्याच निष्ठेने गळत राहिले. शेवटी मिस्तरींनी रिंगेवर नख मारून दाखवले. “भाऊ, आवळीसन तेल थांबत नई. रबर कडक व्हई गयं.” नवी रिंग बसली आणि ती बाजू एका दिवसात कोरडी झाली. त्या तीन वर्षांविषयी मी घरी बोलत नाही.

त्यानंतर इंजिनाचे उजवीकडचे झाकण, म्हणजे टायमिंग कव्हर, पाझरू लागले. तिथे मात्र सांध्यातून तेल गळू नये म्हणून मध्ये कागदी पॅकिंग असते आणि माझा आत्मविश्वास तोवर बराच वाढला होता. रविवारी दुपारी, पारा 44 अंशांवर असताना, मी तेल काढून कव्हर उघडले. जुना कागद दोन्ही फेसना, म्हणजे एकमेकांवर बसणाऱ्या सपाट कडांना, असा चिकटला होता, की भरिताच्या वांग्याची जळकी साल सोलावी तसा तो चिमटी-चिमटीने सोलावा लागला. स्क्रूड्रायव्हरने खरवडण्याचा मोह झाला. पण अॅल्युमिनियम मऊ असते आणि त्यावर पडलेला एक ओरखडाही तेलाला पुरेशी वाट करून देतो. अर्ध्या तासाने फेस आरशासारखा झाला. मग नवे पॅकिंग स्क्रूत अडकवताना टरकन फाटले.

दुकाने बंद होती. सिलिकॉनची ट्यूब घरात होती. परंतु तिचा जाड थर दिला, तर आत ओघळलेला तुकडा सुटून तेलाच्या वाटेत अडकू शकतो. मिस्तरींना फोन केला, तर त्यांनी एवढेच विचारले, “घरमा जाडा कागद शे का?”

फ्रिजवर एक जाड कागद होता. त्यावर पुढे गणपती आणि मागचा भाग कोरा होता. कव्हरच्या कडेला तेलाचे बोट फिरवून मी ठसा उमटवला, गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोकत नको तो भाग कापला आणि स्क्रूंची व तेलाच्या वाटेची भोके पाडली. मग समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत नेले. क्लचकडच्या नटाने एवढी अक्कल दिलीच होती. तेल भरले, दहा मिनिटे इंजिन चालवले, रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून ठेवले. सकाळी त्यावर एक थेंबही नव्हता.

मी चहा घेत वर्तमानपत्राचा तो कोरा कोपरा कौतुकाने न्याहाळत असतानाच बायकोने फ्रिजवरची पत्रिका कुठे गेली, असे विचारले. ती तिच्या मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाची होती. तारीख आम्हा दोघांना पाठ आहे. पण लग्न अमळनेरला आहे की चोपड्याला, आणि मुहूर्त सकाळचा की गोरज, हे टायमिंग कव्हर पुन्हा उघडल्याखेरीज कळणार नाही. आणि ते तर अजिबात गळत नाही.