बथशेबाचं माहेर

मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या सभेला बाहेरगावचे एक वक्ते आले होते. विषय होता बायबलमधला इस्राएलचा राजा दावीद आणि मोह: आपल्याच सैन्यातल्या उरीयाची बायको बथशेबा त्याने राजवाड्यात नेली, ती गोष्ट. पंधराव्या मिनिटाला ते वाक्य आलंच: "बथशेबा गच्चीवर उघड्यावर आंघोळ करत होती, भगिनींनो. तेव्हा आपण बायकांनीही जपून राहायला हवं." निम्म्या बायकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारच्या मावशींनी तर पदरही सावरला.

घरी येऊन आधी बायबलमधल्या २ शमुवेल या पुस्तकाचा ११वा अध्याय उघडला. गच्चीवर आहे तो दावीद! संध्याकाळी बिछान्यावरून उठून तो राजवाड्याच्या गच्चीवर फेऱ्या मारतो आणि तिथून त्याला एक बाई आंघोळ करताना दिसते. ती अंगणात होती की घरात, याबद्दल शास्त्र एक अक्षर बोलत नाही. यहुदी धर्मगुरूंच्या, म्हणजे रब्बींच्या, तालमूद या जुन्या ग्रंथात (सन्हेद्रिन १०७) तर गोष्ट अशी की ती आडोशामागे केस धूत होती. सैतान पाखराचं रूप घेऊन आला, दावीदाने त्याच्यावर बाण सोडला, तो आडोशाला लागला आणि आडोसा पडला. म्हणजे जुन्या काळच्या रब्बींनाही तिला आडोसा द्यावासा वाटला. गच्चीवर चढवलं ते आपण. चित्रकारांनीही हातभार लावला म्हणा. रेम्ब्रांटने १६५४ साली काढलेली बथशेबा लूव्र संग्रहालयात आहे. तिच्या हातात दावीदाचं पत्र आहे आणि चेहऱ्यावर विचार. शास्त्रात तिला पत्रबित्र काही आलेलं नाही. निरोप्ये आले आणि तिला घेऊन गेले.

आंघोळीबद्दल अजून एक. चौथ्या वचनात जाता जाता सांगितलंय की ती आपल्या अशुद्धतेपासून शुद्ध होत होती. बहुतेक अभ्यासक याचा अर्थ पाळीनंतरचं शुद्धीकरण असा लावतात. लेवीय १५ मध्ये त्याचे सात दिवस मोजून दिलेत. 'बाजूला बसणं' आणि नंतरचं न्हाणं ज्यांनी आपल्या आज्यांकडून ऐकलंय, त्यांना हे वेगळं समजवायला नको. लेखकाने हे सांगितलं त्याला कारण आहे. नवरा लांब राब्बाच्या वेढ्यावर, बायकोची पाळी नुकतीच झालेली. पुढे जे मूल राहतं ते कुणाचं, याबद्दल शंकेला जागाच ठेवलेली नाही.

पण मला आज लिहायचंय ते तिच्या माहेराबद्दल. तीस-पस्तीस वर्षं उपदेश ऐकतेय, बथशेबाच्या माहेराचं नाव एकाही उपदेशात ऐकलं नाही.

राजा विचारतो, ही कोण? उत्तर येतं: ही अलीयामची मुलगी बथशेबा, उरीया हित्तीची बायको, नाही का? बापाचं नाव आणि नवऱ्याचंही, एका दमात. गावाकडे नवी पोर दिसली की म्हातारी माणसं विचारतात ना, "कुणाची गं तू?" त्याच्या उत्तरात फक्त ओळख नसते, वागायचं कसं तेही असतं. हिच्याशी नीट बोला, ही अमक्याची आहे. दावीदाला उत्तर देणाऱ्या त्या माणसाचं नाव दिलेलं नाही, पण मला वाटतं त्याने राजाला जेवढं अडवता येण्यासारखं होतं तेवढं अडवलं. नोकराने अजून काय करायचं?

ही नावं ऐकून राजा का थबकायला हवा होता, हे कळायला बारा अध्याय पुढे जावं लागतं. २ शमुवेल २३ मध्ये दावीदाच्या निवडक वीरांची यादी आहे. आपण सगळेच ती यादी उड्या मारत वाचतो, कबूल करा. अगदी शेवटचं नाव उरीया हित्ती. त्याच्या जरा आधी, ३४व्या वचनात: अहीथोफेल गिलोकराचा मुलगा अलीयाम. एकूण सदतीस माणसं, असं यादीच स्वतः सांगते. म्हणजे सासरा आणि जावई एकाच छोट्याशा पथकात. लग्न छावणीतल्या दोस्तीतूनच जुळलं असावं, असं आपलं मला वाटतं.

आणि आजोबा? अहीथोफेल हा दावीदाचा मंत्री. त्याचा सल्ला म्हणजे देवाला कौल लावावा तसा, अशी त्याची ख्याती १६व्या अध्यायात नोंदलेली आहे. बाप अंगरक्षकांच्या तोडीचा, नवरा त्याच पथकात, आजा दरबारात. आता तिला बोलावून नेल्याची ती चार वचनं (२ शमुवेल ११:२-५) पुन्हा वाचा.

मला हिब्रू येत नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केडगावात बसून अख्खं बायबल मराठीत उतरवलं. ती जिद्द माझ्यात नाही. मी शब्दकोश उघडून अडखळत वाचते. तरीही क्रियापदं दिसतात. पाठवलं, घेतलं. दावीद पाठवतो, दावीद घेतो. अख्ख्या अध्यायात ती बोलते ते फक्त दोन शब्द, 'हारा आनोखी': मला दिवस गेलेत. तेही निरोपातून. बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा राजाला गोष्ट सांगतो. गरिबाकडे एकच मेंढरू, त्याच्या ताटातलं खायचं, कुशीत झोपायचं, त्याला 'मुलीसारखं'. हिब्रूत मुलगी म्हणजे 'बत'. बत-शेबा. श्रीमंताने ते मेंढरू, पुन्हा तेच क्रियापद, घेतलं. त्या गोष्टीत मेंढराने गच्चीवर चढून कुणाला मोह घातल्याचं मला तरी आढळलं नाही. आणि अकराव्या अध्यायाचं शेवटचं वाक्य असं, की दावीदाने जे केलं ते परमेश्वराला वाईट वाटलं. दावीदाने. 'दोघांनी' असं वाचायची फार सवय लागलीय आपल्याला.

मधला भाग तुम्हाला ठाऊक आहे: उरीयाला बोलावणं, त्याने घरी न जाणं, स्वतःच्याच मरणाचं पत्र सेनापती यवाबाकडे घेऊन जाणं, लढाईत मरणं आणि मग दावीदाने बथशेबाला बायको करणं. त्यावर उपदेश पुष्कळ होतात. मी पुढे जाते.

काही वर्षांनी दावीदाचा मुलगा अबशालोम बापाविरुद्ध बंड करतो आणि ज्यांना निरोप पाठवतो त्यांत अहीथोफेल आहे. तो आपल्या गिलो गावात होता. दरबार सोडून केव्हा आणि का गेला, ते सांगितलेलं नाही. निरोप येताच तो उठून जातो. दावीदाला कळतं तेव्हा तो अनवाणी, डोकं झाकून, रडत जैतुनाचा डोंगर चढतोय. आमच्या संडे स्कूलमध्ये अहीथोफेल म्हणजे येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योतची जुन्या करारातली आवृत्ती. विश्वासघातकी, गळफास घेतलेला, प्रश्न संपला. त्याने हे का केलं, असं आम्ही कधी विचारलं नाही, बाईंनीही सांगितलं नाही. सूनबाई-नातसून अशा नात्यांचा हिशोब तोंडपाठ असलेल्या आपल्या समाजात हा प्रश्न कुणालाच पडू नये याची गंमत वाटते.

त्याने अबशालोमाला दिलेले दोन सल्ले बघा. पहिला: तुझ्या बापाने राजवाडा राखायला ठेवलेल्या दहा उपपत्नींपाशी सगळ्यांच्या देखत जा. मग तंबू ठोकला जातो, तो गच्चीवर. जिथून सुरुवात झाली तिथेच. दुसरा सल्ला त्याच रात्रीचा: मला बारा हजार माणसं निवडू दे, मी आत्ताच पाठलाग करतो, दावीद थकलाय, मी एकट्या राजाला मारतो आणि बाकीचे लोक तुझ्याकडे परत आणतो. ज्याची नात लग्नाची होऊनही आता इतकी वर्षं झाली, तो माणूस म्हणतोय की मी जातो. आणि मारायचं कुणाला, तर एकट्याला. राजकारणी माणूस असं बोलत नाही. तो सेनापती पाठवतो, स्वतः मागे राहतो. हा घरचं काही मनात ठेवलेल्या माणसाचा आवाज आहे. दावीदाने अबशालोमाच्या गोटात पेरलेल्या हूशय अर्कीने तो सल्ला हाणून पाडला. अहीथोफेलने गाढवावर खोगीर घातलं, आपल्या गावी गेला, घरची निरवानिरव केली आणि फास लावून घेतला. बापाच्या कबरेत त्याला पुरलं.

आता या सगळ्याला उत्तर म्हणून कुणीतरी कॉमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून मीच सांगते. हे नातं एका नावावर उभं आहे. बथशेबाचा बाप अलीयाम आणि यादीतला अलीयाम एकच, असं शास्त्र स्पष्ट म्हणत नाही. १ इतिहास ११ मध्ये तीच यादी पुन्हा येते तेव्हा अलीयामचं नाव तिथे नाही. आणि १ इतिहास ३:५ मध्ये बाईचं नाव बथशूवा, बापाचं अम्मीएल. या शेवटच्याने मात्र अडत नाही: 'एल' म्हणजे देव, 'अम' म्हणजे लोक, अलीयाम आणि अम्मीएल ही तीच दोन पदं पुढची मागे करून झालेली नावं आहेत. तालमूदचे रब्बी तर हे नातं गृहीतच धरतात, आणि त्यावरून असा हिशोब मांडतात (सन्हेद्रिन ६९) की डोकं धरावं. ५५व्या स्तोत्राप्रमाणे रक्तपाती माणूस अर्धं आयुष्यही जगत नाही, म्हणून अहीथोफेल तेहेतिसाव्या वर्षी मेला. तेव्हा बथशेबाला दावीदापासून झालेला शलमोन सात वर्षांचा. उरलेल्या वर्षांत तीन पिढ्या बसवायच्या. शेवटी निष्कर्ष असा निघतो की बथशेबा सहाव्या वर्षी आई झाली! हिशोब सोडून द्या. पण तिचा आजा कोण, याबद्दल त्यांच्या मनात किंतु नव्हता. माझ्याही नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार. इतकं वजनदार माहेर, मग बाई भोळी कशी? राजवाड्यात शिरायचा हा घराण्याचाच डाव नसेल? असं लिहिणारे आहेत. मला हे पटत नाही. डाव असता तर आजोबा पणतवाच्या बाजूला उभा राहिला असता. शलमोनाचं राज्य यावं म्हणून झटला असता. तो उभा राहिला शलमोनाचा रस्ता बंद करणाऱ्या अबशालोमाच्या बाजूला. उलट त्या माहेरामुळे मला ती चार वचनं जास्त भयंकर वाटतात. जिचा बाप आणि नवरा राजाच्या खास माणसांत, जिचा आजा राजाच्या कानाशी, तिच्याही दाराशी निरोप्ये येतात आणि तिला 'नको' म्हणायची सोय नसते. मग एखाद्या कुणब्याच्या, कुंभाराच्या पोरीचं काय होत असेल?

तिचं पुढचं आयुष्य मला फार आवडतं, पण तेही उपदेशात येत नाही. पहिलं मूल सातव्या दिवशी गेलं. मग शलमोन. आणि मग १ राजे १: दावीद म्हातारा, पांघरुणं घालूनही ऊब न येणारा, शेजारी ऊब द्यायला आणलेली अबीशग शुनेमकरीण, बाहेर दावीदाचा दुसऱ्या बायकोपासूनचा मुलगा अदोनीयाने स्वतःला राजा म्हणवून मेजवानी मांडलेली. नाथान बथशेबाला येऊन वाक्यं शिकवतो, असं असं बोल. ती जाते आणि शिकवलेल्याच्या पलीकडे बोलते: सगळ्या इस्राएलचे डोळे तुमच्याकडे लागलेत, तुम्ही गेलात की मी आणि माझा मुलगा गुन्हेगार ठरू. दोन शब्दांचा निरोप पाठवणारी ती बाई आता राजाला सबंध परिच्छेद ऐकवते. पुढच्या अध्यायात शलमोन आईला पाहून सिंहासनावरून उठतो, नमन करतो, आपल्या उजव्या हाताला तिच्यासाठी आसन मांडायला लावतो. अदोनीयाने अबीशग बायको म्हणून मागितली (राजाची बाई मागणं म्हणजे राज्यच मागणं), ती 'एक लहानशी विनंती' म्हणत बथशेबाने मुलाच्या कानावर घातली, आणि अदोनीया त्याच दिवशी मेला. तिला परिणाम ठाऊक नव्हता म्हणणाऱ्यांनी राजवाड्यात एवढी वर्षं काढून पाहावीत.

वंशावळीतही तिचं काय होतं बघा. मत्तयाने येशूच्या वंशावळीत तिचं नाव घेतलं नाही. 'जी उरीयाची होती तिच्यापासून दावीदाला शलमोन झाला' असं म्हटलं. पुष्कळांना हा तिचा अपमान वाटतो. मला तो दावीदाला दर नाताळात मारलेला टोमणा वाटतो. लूक दुसऱ्या वाटेने जातो, शलमोनाऐवजी दावीदाच्या नाथान नावाच्या मुलावरून. पण १ इतिहास ३:५ सांगतं की तो नाथानही बथशेबाचाच. दोन शुभवर्तमानं, दोन वाटा, आणि दोन्ही हिच्या पोटातून. आमच्या वक्त्यांना हे सभेनंतर चहाच्या वेळी सांगितलं. "अच्छा?" म्हणाले आणि बिस्किट घेतलं.

एक गोष्ट मात्र मला टोचत राहते. अहीथोफेलची बाजू घेताना मी जरा वाहवत गेले होते, हे मला लिहितानाच कळलं. नातीची अब्रू गेली म्हणून त्याने गच्चीवर तंबू ठोकायला लावला, तो दहा दुसऱ्या बायकांसाठी. दावीद पळून जाताना त्यांना घर राखायला ठेवून गेला होता. बंड मोडून परत आल्यावर (२ शमुवेल २०:३) त्याने त्यांना एका घरात कोंडलं, पहारा बसवला, खायला घातलं, पण पुन्हा त्यांच्याकडे गेला नाही. मरेपर्यंत त्या तिथेच, नवरा जिवंत असून विधवा. शास्त्रात त्या दहा जणींची नावं नाहीत, बापांचीही नाहीत. कुणाच्या गं तुम्ही, असं त्यांना कुणी विचारलंच नाही.