२०४८ साली समुद्र रिकामा होणार, हे माझ्या आत्याला कोणी सांगितलं?

माझी आत्या अलिबागच्या बाजारात मासळी विकते. तीस-बत्तीस वर्षं झाली. गेल्या रविवारी तिची एक जुनी गिऱ्हाईक आली आणि पाटीकडे न बघताच म्हणाली, "मावशी, आम्ही आता मासे सोडले. समुद्र संपत चाललाय." मोबाइलवरचा एक मेसेज वाचून दाखवला आणि निघून गेली. आत्याने तो नातवाकरवी मला पाठवला आणि खाली विचारलं, "खरंय का रे हे? या पोराला होडीवर जाऊ देऊ की नको?"

मेसेज थोडक्यात असा: २०४८ पर्यंत समुद्रात एकही मासा उरणार नाही, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. समुद्रातलं निम्मं प्लास्टिक मच्छीमारांच्या जाळ्यांचं आहे, तेव्हा किनारे साफ करणं हा टाइमपास आहे. समुद्र मेला की ८५ टक्के ऑक्सिजन गेला. शाश्वत मासेमारी असं काही नसतंच. उपाय एकच, मासे खाणं बंद. ही डॉक्युमेंटरी बघा आणि दहा जणांना पाठवा.

डॉक्युमेंटरी म्हणजे मार्च २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली 'सीस्पिरसी'. तेव्हा पाहिली होती, आत्याच्या प्रश्नानंतर पुन्हा पाहिली.

आधी ते २०४८. हा आकडा आला नोव्हेंबर २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलेल्या एका शोधनिबंधातून. बोरिस वर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो निबंध. मुळात तो समुद्रातली जैवविविधता घटली की काय काय बिघडतं, याबद्दल होता. त्यात जगभरातल्या पकडीच्या आकड्यांवरून 'कोसळलेल्या' माशांचं प्रमाण कसं वाढत गेलं याचा एक आलेख होता. ती रेघ त्याच चालीने पुढे ओढली तर १०० टक्क्यांना कधी पोचते, तर २०४८ ला. एवढंच. वर्तमानपत्रांनी नेमकी तीच ओळ उचलली आणि पंधरा वर्षांनी ती सिनेमात आली.

आता 'कोसळलेला' म्हणजे काय, तेही बघा. ज्या माशाची वर्षाची पकड त्याच्या आजवरच्या सर्वांत मोठ्या पकडीच्या १० टक्क्यांखाली गेली, तो कोसळलेला. मासा नामशेष झाला असा त्याचा अर्थच नाही. उद्या एखाद्या देशाने मासा वाढावा म्हणून त्याच्या पकडीवर कडक बंधनं घातली, तरी पकड घटेल आणि या हिशेबात तो मासा 'कोसळला' असंच दिसेल. पकडीवरून समुद्रात मासा किती आहे ते ठरवणं म्हणजे आत्याच्या पाटीत किती बोंबील आहेत यावरून दर्यातले बोंबील मोजणं.

ही टीका सगळ्यात जोरात केली रे हिलबॉर्न या मत्स्यशास्त्रज्ञाने. मग झालं काय, तर वर्म आणि हिलबॉर्न एकत्र बसले. सोबत आणखी १९ जण घेतले, नुसत्या पकडीवर न थांबता साठ्यांची, म्हणजे समुद्रात मासा किती उरलाय याची, प्रत्यक्ष पाहणी कुठे कुठे झाली आहे ती माहिती गोळा केली, आणि २००९ मध्ये त्याच 'सायन्स'मध्ये दुसरा निबंध लिहिला. नीट अभ्यासलेल्या १० सागरी क्षेत्रांपैकी ५ ठिकाणी मासेमारीचा ताण कमी झाल्याचं त्यांना आढळलं. तपासलेल्या साठ्यांपैकी ६३ टक्के अजून सावरायचे आहेत, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. म्हणजे ज्या माणसाच्या नावावर २०४८ खपवलं जातं, तो स्वतः तीन वर्षांत पुढे गेला होता. सिनेमा १२ वर्षांनी आला. सिनेमावाल्यांना हा दुसरा निबंध सापडला नसेल, यावर माझा विश्वास नाही. आणि या एका रेघेपायी एक बाई आपल्या नातवाचा धंदा बंद करायचा विचार करते, याचा मला मनापासून राग येतो.

आता जे खरं आहे ते मान्य करतो. जगातल्या माशांच्या साठ्यांपैकी प्रमाणाबाहेर मासेमारी झालेले साठे १९७४ मध्ये १० टक्के होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये ते ३७.७ टक्क्यांवर गेले. आपल्याकडे २०१९ मध्ये महाराष्ट्राची मासळी २.०१ लाख टनांवर आली, ४५ वर्षांतली सगळ्यात कमी, आणि ते आत्याच्या घरात आकडा न वाचताही कळलं होतं. वादळंही त्या वर्षी खूप झाली, पण फक्त वादळांवर ढकलून चालणार नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ मध्ये देशभरातले १३५ साठे तपासले, त्यातले ९१.१ टक्के सुस्थितीत निघाले. पण सरासरी चांगली आहे म्हणून पापलेटचं दुखणं संपत नाही. तळहाताएवढंही न झालेलं पापलेट बाजारात येतं आणि विकलंही जातं. संकट आहेच. २०४८ खोटं आहे म्हणून ते कमी होत नाही.

प्लास्टिकचं 'निम्मं' कुठून आलं? २०१८ च्या एका अभ्यासात उत्तर पॅसिफिकमधल्या तरंगत्या कचऱ्याच्या पट्ट्यात ४६ टक्के वजन जाळ्यांचं निघालं. आकडा खरा आहे, पण तो त्या एका पट्ट्याचा. जाळी टिकतात, तरंगतात आणि भर समुद्रात जमा होतात. अरबी समुद्रात आपल्या दारात येणारा कचरा वेगळ्या वाटेने येतो. २०२१ च्या एका अभ्यासाप्रमाणे नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी ८० टक्के हजारभर नद्यांतून जातं, आणि त्या यादीत वरच्या नंबरांत आपली उल्हास नदी आहे. डोलीच्या, म्हणजे प्रवाहात रोवून ठेवलेल्या, जाळ्यात बोंबलांबरोबर पिशव्या किती येतात ते आतेभावाला विचारा. किनारा साफ करणाऱ्यांना टाइमपास म्हणणाऱ्याने एकदा त्याच्याबरोबर जाळं झाडायला यावं.

ऑक्सिजनवर फार वेळ घालवत नाही. पृथ्वीवर तयार होणारा साधारण निम्मा ऑक्सिजन समुद्रातून येतो, आणि जवळपास तेवढाच समुद्रातले जीव वापरतात. ८५ टक्के गेला, आपण गुदमरलो, असं काही होत नाही.

राहिलं 'शाश्वत मासेमारी नसतेच' आणि 'मासे सोडा हाच उपाय'. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण यात पर्ससीन, म्हणजे थव्याभोवती टाकून खालून आवळायचं मोठं जाळं, आणि रात्री मासे खेचणारे एलईडी दिवे लावून थवेच्या थवे उपसणारा आणि दोन सिलिंडरची होडी घेऊन जाणारा, दोघेही एकाच रांगेत उभे केले आहेत. १ जून ते ३१ जुलै आमच्या होड्या किनाऱ्यावर असतात. नारळी पुनवेआधी दर्यात न जाण्याची रीत तर कायद्याच्याही आधीची. महाराष्ट्रात २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली. त्यासाठी मोर्चे काढले ते छोट्या मच्छीमारांनी. मासे सोडलेल्या गिऱ्हाइकामुळे त्यांच्या पोटावर पाय येतो, एलईडीवाल्याला फरक पडत नाही. त्याचा बराच माल निर्यातीला जातो.

डॉक्युमेंटरीने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. उलट होतं, आणि ते आपल्या शेजारी झालंय. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क, म्हणजे जगातला सगळ्यात मोठा मासा, मारले जायचे. आकड्याला पिंपं बांधून धरायचे म्हणून त्याला नावच 'बॅरल' पडलं होतं. यकृताचं तेल होड्यांना लावायला जायचं. वन्यजीवांवर चित्रपट करणाऱ्या माइक पांडे यांनी त्यावर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' केली, २००० साली. २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्क आला, असं संरक्षण मिळालेला देशातला तो पहिला मासा. पुढे २००४ पासून वेरावळच्या बाजूला मोहीम झाली. रामकथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. 'बॅरल'ची 'वहाली', म्हणजे लाडकी, झाली. जाळं कापावं लागलं तर वन खात्याने भरपाई दिली. आजवर ९०० च्या वर व्हेल शार्क मच्छीमारांनी स्वतःच्या हाताने सोडले. तिथे कोणी त्यांना मासेमारी बंद करा म्हटलं नव्हतं.

तशी भरपाई आपल्याकडे डिसेंबर २०१८ पासून आहे, २५ हजारांपर्यंत. कासव, व्हेल शार्क जाळ्यात आला तर जाळं कापायचं, फोटो-व्हिडिओ काढायचा, अर्ज करायचा. आतेभावाने एकदा कासवासाठी जाळं कापलंय. त्या व्हिडिओत त्याचा हात थरथरताना दिसतो.

हे सगळं मी आत्याला व्हॉइस मेसेजवर सांगितलं. पोराला होडीवर जाऊ दे, म्हटलं. लहान पापलेट मात्र पाटीत ठेवू नकोस, आणि ती बाई परत आली तर तिला सांग, मोठं होऊ दे म्हणून ठेवलं नाही. रात्री तिचं उत्तर आलं, "ते सांगीन. पण रात्री समोर एलईडीचे दिवे दिसतात, त्याचा मेसेज कोण का नाय पाठवत?"