‘बायनरी पाठवली की फाइल करप्ट होते’ म्हणे!

रात्री साडेअकराला कोथरूडहून भाचीचा फोन. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, मोडी कागदांचे स्कॅन सर्व्हरवर चढवायचे. “मामा, सर्व्हर सारखा ४१३ देतोय.” म्हणजे ‘पाठवलेलं फार मोठं आहे’. फाइल ९ एमबीची पीएनजी, सर्व्हरची मर्यादा १० एमबी. मग घोडं अडलं कुठे? बाईसाहेबांनी फाइल आधी बेस६४ केली होती, म्हणजे तिचे बाइट साध्या अक्षरांत लिहून काढले होते. का, तर कॉलेजच्या ग्रुपवर फिरणारा फॉरवर्ड: “एचटीटीपी टेक्स्ट प्रोटोकॉल आहे. बायनरी तशीच पाठवली तर करप्ट होते. बेस६४ करा, डेटा लवकर जातो आणि सुरक्षितही राहतो.” (एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याचे नियम; बायनरी म्हणजे फोटोसारखी, मजकूर नसलेली फाइल.)

लवकर? बेस६४ दर ३ बाइटांची ४ अक्षरं करतं. ९ चे १२ एमबी झाले, म्हणून तर ४१३.

‘करप्ट होते’ यावर मात्र माझं डोकं फिरतं. हेडर, म्हणजे निरोपाच्या सुरुवातीच्या माहितीच्या ओळी, टेक्स्ट असतात, कबूल. पण हेडरनंतरची रिकामी ओळ ओलांडली की पुढे नुसते बाइट. एचटीटीपी १.१ च्या नियमांचा २०२२ चा दस्तऐवज, आरएफसी ९११२, उघडून बघा, बॉडी (हेडरनंतरचा भाग) म्हणजे ऑक्टेटची, म्हणजे आठ-आठ बिटांच्या बाइटांची, रांग. बॉडीची लांबी सांगणारा हेडर, कन्टेन्ट-लेंग्थ, मोजतो तेही बाइटच. वेबपेजवरचे फोटो वर्षानुवर्षं असेच कच्चे येतायत. येताना धड आणि जाताना करप्ट?

“पण आधी तशीच पाठवली तेव्हा माझी फाइल खरंच बिघडली होती!” होतीच. तिची तेव्हाची कमांड मागवली. कर्लला (कमांड लिहून सर्व्हरशी डेटाची देवाणघेवाण करणारा प्रोग्रॅम) ‘-डी’, पुढे @ लावून फाइलचं नाव. हा पर्याय फॉर्मचा मजकूर पाठवायला आहे. फाइल वाचताना तो नव्या ओळीचे बाइट, १३ आणि १०, गाळून टाकतो. आता पीएनजीचे पहिले आठ बाइट बघा: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. तीन गळाले, पाच उरले. वाटेत कुणी ओळींशी असा खेळ केला तर लगेच कळावं, म्हणूनच तर पीएनजीवाल्यांनी ते १३ आणि १० तिथे ठेवलेत! चोर सोडून संन्याशाला फाशी. ‘--डेटा-बायनरी’ घातलं, कन्टेन्ट-टाइप इमेज/पीएनजी दिला, फाइल गेली. दोन्हीकडचं शा-२५६, म्हणजे फाइलच्या बाइटांवरून काढलेला ठसा, जुळलं.

उलट बेस६४ मधलं अधिकचं चिन्ह (+) फॉर्ममधून तसंच पाठवलं, तर पलीकडे त्याची रिकामी जागा होते. म्हणजे करप्ट होतं ते हेच!

सुरक्षिततेबद्दल काय बोलायचं? बेस६४ ला किल्लीच नसते, कुणीही सेकंदात उलटं करतो. कुणी आधार कार्डाचा फोटो असा ‘सुरक्षित’ करून साध्या एचटीटीपीवरून पाठवला तर? त्यासाठी एचटीटीपीएस असतं, ते वाटेतला डेटा किल्लीने कुलूपबंद करतं.

एवढं मान्य करतो, की जेसनच्या (प्रोग्रॅम एकमेकांना माहिती देतात तो मजकुराचा साचा) आत फाइल कोंबायचीच असेल तर बेस६४ लागतं, कारण जेसन टेक्स्ट आहे. भाचीच्या सर्व्हरने जेसन मागितलंच नव्हतं. तिने बेस६४ केलं, कारण फॉरवर्डच्या खाली नमुन्याचा कोड होता.