‘रिपोर्ट नॉर्मल, आता गोळी बंद’: थायरॉईडच्या त्या मेसेजला उत्तर

सांगली-मिरजेकडच्या भिशीच्या, सोसायटीच्या, पाहुण्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थायरॉईडचा रिपोर्ट घरच्या घरी वाचा म्हणतो आणि पाच गोष्टी ठासून सांगतो. टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) रेंजबाहेर म्हणजे आजार पक्का, बाकी तपासण्या पैसे काढायला. दोन लॅबचे आकडे जुळले नाहीत तर एक लॅब खोटी. रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी सोडा, नाहीतर सवय लागते. धण्याचं पाणी आणि सैंधव मीठ घ्या, टीएसएच उतरतो. आणि गरोदरपणी ही गोळी बाळाला बाधते. मी लॅबमध्ये काम करते. हा मेसेज दाखवून ‘मग सोडू का गोळी?’ असं विचारणाऱ्या बायका काउंटरवर येतात, म्हणून हे उत्तर.

‘टीएसएच रेंजबाहेर म्हणजे आजार पक्का.’ टीएसएच थायरॉईडमध्ये तयार होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो आणि थायरॉईडला कामाला लावतो. थायरॉईड मंदावली की तो वाढतो, ती जादा काम करू लागली की घसरतो. टी४ (थायरॉक्सिन, थायरॉईडचं मुख्य हार्मोन) थोडासा कमी झाला तरी टीएसएच बराच चढतो, त्यामुळे पहिली तपासणी त्याचीच करतात आणि ते योग्यच आहे. पण टीएसएच ६-७ आणि फ्री टी४ (रक्तातला मोकळा टी४) नॉर्मल असेल, तर बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासतात, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीज) बघतात. अनेकांचा आकडा काही न करता खाली येतो. १० च्या पुढे गेला तर मात्र सहसा उपचार सुरू होतात. मोठ्या आजारपणातून उठताना टीएसएच काही काळ वाढलेला दिसतो, तोही आजार नसतो. उलट, बाळंतपणात फार रक्तस्राव झालेल्या एखादीच्या पिट्युटरीलाच इजा झालेली असते. तिचा टी४ कमी आणि टीएसएच नॉर्मल असू शकतो. फ्री टी४ ला ‘पैसे काढायची तपासणी’ म्हणणाऱ्याने या बाईचं निदान कसं करायचं ते सांगावं.

‘आकडे जुळत नाहीत म्हणजे लॅब खोटी.’ जत किंवा आटपाडीहून सकाळची एसटी धरून मिरजेला दाखवायला आलेल्या बाईचं रक्त दुपारी घेतलं जातं. त्याआधी गावातल्या कलेक्शन सेंटरवर तिने ते सकाळी सातला दिलेलं असतं. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. म्हणजे पहिला आकडा ५.४ आणि दुसरा ४ आला तरी दोन्ही खरे असू शकतात. शिवाय मशीन आणि पद्धत वेगळी असते, म्हणून प्रत्येक रिपोर्टवर त्या लॅबची स्वतःची रेंज छापलेली असते. एककंही बघा: फ्री टी४ एका कागदावर १.२ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि दुसऱ्यावर १५.४ पिकोमोल प्रति लिटर, तर तो एकच आकडा आहे. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रक्त देताना ते जरूर सांगावं. काही पद्धतींमध्ये त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो, आणि नसलेला हायपरथायरॉईड (थायरॉईड जादा काम करण्याचा आजार) कागदावर उमटतो. तपासणीपूर्वी निदान दोन दिवस त्या बंद ठेवायला सांगतात. शक्यतो एकच लॅब, साधारण एकच वेळ ठेवा, आणि त्या दिवशीची थायरॉईडची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्या.

‘रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी सोडा.’ पाचांतलं सगळ्यात घातक वाक्य हे. तो नॉर्मल आकडा गोळीमुळेच आलेला असतो. गोळीतलं थायरॉक्सिन हे आपल्या शरीरात बनणारंच हार्मोन, ग्रंथीला जेवढं जमत नाही तेवढं बाहेरून दिलेलं. त्याची सवय लागत नाही, गरज असते. तरी हा सल्ला लोकांना पटतो, कारण गोळी सोडल्यावर लगेच काहीच होत नाही. रक्तातलं थायरॉक्सिन निम्मं व्हायला साधारण एक आठवडा लागतो, त्यामुळे सुरुवातीचे दिवस बरे जातात. मग हळूहळू थकवा, बद्धकोष्ठता, सुजलेला चेहरा, पाळीची गडबड सुरू होते, आणि तोवर गोळी सोडल्याचं कुणाच्या ध्यानातही नसतं. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून तपासायचं तेही याच कारणाने. पंधरा दिवसांत केलेला रिपोर्ट अर्धवट चित्र दाखवतो.

आणखी एक प्रकार वारंवार दिसतो. टीएसएच १२, फ्री टी४ नॉर्मल किंवा वरच्या काठावर. गोळ्या महिनाभर चुकवायच्या आणि तपासणीच्या आधी चार दिवस नेमाने घ्यायच्या, की असा रिपोर्ट येतो. टी४ लगेच सुधारतो, टीएसएच मागे राहतो. डॉक्टरांना खरं सांगितलं नाही तर ते डोस वाढवतात. चहाबरोबर किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळीसोबत घेतली तरी ती नीट शोषली जात नाही. पहाटे पाण्याबरोबर घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम आणि लोह चार तासांनी.

गोळी कधीच सुटत नाही, असंही नाही. बाळंतपणानंतरच्या वर्षात बिघडलेली थायरॉईड अनेकींची पूर्ववत होते. पण तिथेही डॉक्टर डोस कमी करत, रक्त तपासत गोळी थांबवतात.

धण्याचं पाणी प्यायला हरकत नाही. वर सांगितलं तसा थोडा वाढलेला टीएसएच आपोआप उतरतो आणि श्रेय धण्यांना मिळतं. सैंधवाचं तसं नाही. त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं, आणि थायरॉईडचं हार्मोन आयोडीनपासूनच बनतं. घरातलं आयोडीनयुक्त मीठ काढून टाकू नका.

‘गरोदरपणी गोळी बाळाला बाधते.’ पहिल्या तीन महिन्यांत बाळाची थायरॉईड तयार नसते. त्याच्या मेंदूच्या वाढीला लागणारं थायरॉक्सिन आईकडून येतं. म्हणून आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईचा डोस या काळात बहुधा पाव पटीने किंवा थोडा अधिक वाढवावा लागतो. रिपोर्ट वाचायचे नियमही बदलतात: या दिवसांत टीएसएच थोडा कमी दिसणं स्वाभाविक आहे आणि एकूण टी४ (मोकळा आणि प्रथिनांना बांधलेला मिळून) दीडपटीपर्यंत चढतो, त्यामुळे नेहमीची रेंज चालत नाही. पाळी चुकली, तपासणी पॉझिटिव्ह आली, की गोळी चालू ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा, आणि साधारण पाचव्या महिन्यापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच करून घ्या.