फोटोच्या मागचं अक्षर

घरातली लग्नं, जन्म, निवृत्ती असे टप्पे अधूनमधून आठवावेत आणि ज्यांच्यामुळे ते घडले त्यांचे आभार मानावेत, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं मनापासून पटलं. मला मात्र मोठ्या समारंभांपेक्षा त्यांच्या आजूबाजूचं बारीकसारीकच जास्त जवळचं वाटतं. आमच्या अल्बममधल्या एका फोटोमागे बाबांनी पेन्सिलीनं लिहिलंय, ‘ताईचं पहिलं पाऊल. फोटो हलला, मी हसत होतो.’ रंग उडून फोटो तांबूस झालाय, पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं. ते वाचलं की आजही भरून येतं. आम्ही चालायला लागलो याचा एवढा आनंद कुणाला तरी झाला होता!

एक सुचवते. उतारवयात माणसाला साधारण १० ते ३० या वयातलं तुलनेनं जास्त आठवतं, असं मानसशास्त्रज्ञांना आढळलंय. तेव्हा आईवडिलांना, आजीआजोबांना त्या वयाबद्दल जरूर विचारा. ‘पहिला पगार झाला तेव्हा आधी कुणाला सांगितलंत?’ एवढं विचारलं तरी माणूस बोलायला लागतो. मोबाईलवर रेकॉर्ड करा, आवाजही राहतो. आणि ती फाईल एकाच फोनवर ठेवू नका, भावंडांनाही पाठवा.