कोण बघतंय म्हणे!

परवा रात्री जेवण करून गल्लीतल्या मंडळाचा देखावा बघायला गेलो आणि तेव्हापासून डोकं ठणकतंय. देखावा काय, तर "वंदे भारत आली सोलापूर स्टेशनात". पोरांनी राबून केलंय, नाही म्हणत नाही. सनबोर्डची गाडी, नाक बरोबर टोकदार, खिडक्यांना काळी फिल्म, आत पांढरे दिवे. मोटर लावलीय, गाडी गोल फिरते आणि गणपतीच्या पाटाखालच्या बोगद्यातून बाहेर येते. सोलापुरात बोगदा कुठून आला असं मी विचारलं नाही. देवाचं काम आहे. वर तारा नाहीत, खांब नाहीत, विजेवरची गाडी नुसत्या श्रद्धेवर पळतेय. तेही गिळलं.

पण सिग्नल! अरे बाबांनो, सिग्नल!

फलाटाच्या बरोब्बर मधोमध एक खांब, तोही गाडीच्या उजव्या हाताला. वर लाल, मध्ये पिवळा, खाली हिरवा. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून त्याच खांबाला जुन्या काळचा पत्र्याचा हात, खांबाच्या उजवीकडे, शाळेतल्या पोरानं "मी सांगू सर?" म्हणून वर केल्यासारखा. आणि तिन्ही दिवे लप-झप, लप-झप. कुणीतरी दिवाळीच्या माळेचा कंट्रोलर जोडला होता.

मी अध्यक्षांना बाजूला घेऊन सांगितलं. म्हटलं, मालक, एवढं सिग्नलचं तेवढं बघा की. ते हसले. म्हणाले, "कोण बघतंय ओ काका एवढं?"

मी बघतोय ना! मी काय कोणीच नाही का?

सांगतो, ऐका. रस्त्यावरच्या चौकात लाल वर असतो. रेल्वेत लाल सगळ्यात खाली असतो, कारण तो ड्रायव्हरच्या डोळ्याच्या जवळ पाहिजे. तीन दिव्यांच्या सिग्नलला वरून हिरवा, पिवळा, लाल. चार दिव्यांचा असेल तर पिवळा, हिरवा, पिवळा, लाल. दोन पिवळ्यांच्या मध्ये हिरवा का घुसवलाय? कारण दोन्ही पिवळे एकदम लागतात तेव्हा ते लांबून एकच दिवा दिसायला नकोत. एक पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असेल असं धरून ये, दोन पिवळे म्हणजे पुढचा ओलांडायचाय पण वेग आवरून. केवढा फरक! आपण डबल येलो म्हणतो ना, तो हा. आणि सिग्नल उभा राहतो रुळाच्या डाव्या बाजूला. जुना हाताचा असेल तर हातसुद्धा खांबाच्या डावीकडे निघतो. अपवाद असतात, पण अपवाद करायला आधी नियम माहीत लागतो.

आणि ते लुकलुकणं. खऱ्या लाईनवर होमचा, म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा, सिग्नल असा फडफडायला लागला तर ड्रायव्हर त्याला लाल समजून गाडी उभी करतो. दिवाच गेलेला असेल तरी तेच, अंधार म्हणजे लाल. त्या हिशेबानं मंडळाची वंदे भारत अनंत चतुर्दशीपर्यंत बोगद्यातच उभी राहायला पाहिजे होती. पण ती फिरतेय आपली गरागरा. लाल लागला तरी फिरतेय. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली, तेव्हापासून खरीनं जेवढे सिग्नल पाहिले नसतील तेवढे हिनं दहा दिवसांत तोडले.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस किडे काढणारा आहे. आमची हीसुद्धा तेच म्हणते. पण तसं नाही ओ. मला तडजोड कळते. वरच्या खोलीत मी स्वतः आठ फूट बाय दोन फुटांच्या प्लायवर सोलापूरजवळच्या होटगी स्टेशनचं मॉडेल बांधतोय, एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७. आपली ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटर. भागा ८७ नं. १९.२६ मिलिमीटर येतात. बाजारात रूळ मिळतो १६.५ चा, कारण तो परदेशातल्या १४३५ च्या गेजसाठी केलेला आहे. म्हणजे माझ्या होटगीतली प्रत्येक गाडी पावणेतीन मिलिमीटर अरुंद रुळावर उभी आहे, दारात पाय जुळवून उभ्या राहिलेल्या नव्या सुनेसारखी. दिसतं मला ते. रोज दिसतं. पण १९.२६ चा रूळ हातानं घालायचा, प्रत्येक चाक बदलायचं, एवढा पैसा आणि एवढं आयुष्य माझ्याकडे नाही. सोडून दिलं.

(नशीब काढलं ते कुर्डुवाडीवाल्यांनी. बार्शी लाईट या जुन्या छोट्या रेल्वेचं गेज होतं ७६२ मिलिमीटर, ८७ नं भागलं की ८.७६, आणि ९ मिलिमीटरचा रूळ बाजारात तयार मिळतो! १८९७ मध्ये कॅलथ्रॉप साहेबानं ती लाईन सुरू केली तेव्हा माझ्यासारख्याची सोय बघूनच केली असावी. होटगी झाली की ती.)

अंतराचं तर विचारूच नका. डिस्टंट, म्हणजे होमची आगाऊ खबर देणारा सिग्नल, होमच्या एक किलोमीटर आधी. १:८७ मध्ये साडेअकरा मीटर. म्हणजे माझा होम खोलीत ठेवला तर डिस्टंट जिना उतरून, अंगण ओलांडून, शेजाऱ्यांच्या तुळशीपाशी येतो. होमच्या पुढे १८० मीटर रूळ मोकळा ठेवायचा असतो, ड्रायव्हर थोडा घसरला तर म्हणून, तेच माझ्या प्लायवर दोन मीटर सात सेंटिमीटर खातात. आठ फुटांत कुठून आणू? डिस्टंट होमपासून हातभर अंतरावर लावलाय. खोटं आहे, मान्य.

पण जागा नाही म्हणून आणि पैसा नाही म्हणून चुकणं वेगळं. लाल खाली लावायला किती पैसे लागतात? तेच तीन एलईडी, तीच तार, तोच खांब. बरोबर लावा नाहीतर चूक लावा, खर्च तेवढाच! फुकटात बरोबर होत असताना माणूस हट्टानं चूक का लावतो, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

मंडळाची पोरं तरी हौशी आहेत, त्यांना एक वेळ माफ. पण पैसे घेऊन विकणारे? उन्हाळ्यात ऑनलाइन मागवले दोन सिग्नल. वर लिहिलेलं "इंडियन रेल्वे सिग्नल, एकदम ओरिजिनल लूक". पार्सल आलं. मी हात धुऊन, चष्मा पुसून, पेटी कातरीनं हळूच कापली. आत काय? चौकातला वाहतुकीचा सिग्नल, वर लाल, त्याला फक्त शिडी चिकटवलेली. दुसरा डिस्टंट होता, त्याच्यावर पांढऱ्या गोलात काळा "पी" छापलेला. मी खूश झालो, म्हटलं कुणीतरी जाणकार आहे. बटण दाबलं तर लाल लागला. डिस्टंटला लाल! अहो, तो "पी" असतोच एवढ्यासाठी की हा सिग्नल थांबवणारा नाही, नुसती आगाऊ खबर देणारा आहे. त्याची मजल पिवळ्यापर्यंतच. विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, लाइट जल रहा है ना? फिर प्रॉब्लेम क्या है?" रिटर्नची मुदत तीन दिवस, त्यातला एक बोलण्यातच गेला.

मग काय, बसलो स्वतः करत. होटगीला सोलापूरकडून येताना गदगची लाईन फुटते, पूर्वी ती मीटरगेज होती. वळणाच्या रुळावर गाडी घ्यायची तर होमला पिवळा लागतो आणि त्याच्या डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ. ती ओळ एचओमध्ये करायची म्हणजे एक मिलिमीटर बाय अर्धा मिलिमीटरचे एलईडी. साखरेच्या दाण्याएवढे. त्यांना तार जोडायची तीही रिवाइंडिंगवाल्याकडून आणलेली, केसासारखी. काम सुरू केलं मे महिन्यात. सोलापूरचा मे, बाहेर त्रेचाळीस अंश, वर पत्रा, आणि पंखा बंद! कारण पंखा लावला की एलईडी उडतात. कपाळावरचा घामाचा थेंब एका दाण्यावर पडला आणि तो दाणा बोटाला चिकटून गेला तो गेलाच. संध्याकाळी हिला तो पोह्यात सापडला. काय बोलली ते इथं लिहीत नाही.

एवढं करून मित्र बघायला येतो, चहा पितो, शेंगाचटणी-भाकरी हाणतो आणि म्हणतो, "भारी की बे! पण हे पांढरे कशाला? सगळे लाल-हिरवे कर, उठून दिसेल." उठून दिसेल! सिग्नल काय नवरीचं लुगडं आहे?

याचंच दुसरं रूप म्हणजे आउटर. सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेस गावाबाहेर उभी राहिली की सगळा डबा एका सुरात फोनवर सांगतो, "आउटरला लावली ओ." अरे, आउटर खालच्या बाजूला हात पडणाऱ्या जुन्या दोन-इशारी सिग्नलांच्या काळातला. रंगीत दिव्यांच्या या पद्धतीत आउटर नावाचा सिग्नलच नसतो, गाडी थांबते ती होमला. चाळीस वर्षं मी हे लोकांना सांगतोय. आणि खरं सांगू? मागच्या खेपेला पुण्याहून येताना हिचा फोन आला, "कुठं आलात?" माझ्या तोंडून गेलं, "आउटरला." मलाच माझी लाज वाटली.

चाळीस वर्षं म्हणालो, कारण वडील सिग्नल खात्यात होते. खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागले. तेव्हा हाताच्या सिग्नलमागे रॉकेलचा दिवा असायचा आणि हाताबरोबर हलणारी लाल-हिरवी काच. एकदा त्यांनी तडा गेलेली "हिरवी" काच घरी आणली. मी उन्हात धरली तर निळी! चक्क निळी. शाळेत जाऊन सांगितलं की सिग्नल हिरवा नसतो, निळा असतो. गुरुजींनी कान पिळला. रात्री वडिलांनी कंदील लावला, वात वर केली आणि काच ज्योतीसमोर धरली. भिंतीवर हिरवा उजेड पडला. रॉकेलची ज्योत पिवळी, म्हणून काच निळसर घालतात, दोन्ही मिळून लांबून हिरवा दिसतो. वडील शाळा चौथी शिकलेले. ते हेही सांगायचे, खाली पडणाऱ्या हाताला मागं वजन का लटकवलेलं असतं. तार तुटली तर वजन हाताला परत धोक्यावर उचलून नेतं. पुढे वर जाणारे हात आले, ते तार तुटली की स्वतःच्या भारानंच आडवे होतात. म्हणजे काहीही मोडलं तरी सिग्नल थांबच म्हणणार. एवढा विचार करून केलेली वस्तू आहे ही. आणि आपण तिला माळेचा कंट्रोलर लावतो!

तर, देखाव्याकडे परत. मला राहवेना. काल दुपारी मांडव रिकामा होता, आयटीआयला वायरमन शिकणारं एक पोरगं तेवढं राखणीला बसलं होतं. त्याला सगळं सांगितलं. पोरगं हुशार, पटकन समजलं. दोघांनी मिळून दिवे फिरवले, लाल खाली, हिरवा वर. पत्र्याचा हात काढून टाकला. कंट्रोलर काढून साधं बटण बसवलं. गाडी येताना हिरवा, गाडी पुढं गेली की लाल. खांब उचलून डावीकडे, फलाटाच्या टोकाला नेला, आता तो निदान स्टार्टर, म्हणजे स्टेशनातून गाडी सोडणारा सिग्नल, तरी झाला. पोरगं म्हणालं, "काका, आता खरं वाटतंय की ओ." मी घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आज सकाळी त्याचा फोन. "काका, रागावू नका. रात्री आरतीला लोक म्हणायला लागले सिग्नल उलटा लावलाय, लाल वर पाहिजे. अध्यक्षांनी परत होता तसा केला. माळ पण लावली."

म्हणजे लोक बघतात! उलटा लागलाय एवढं कळण्याइतकं नीट बघतात!

५०१ रुपये वर्गणी दिलीय मी. पावती आहे माझ्याकडे.